अंगावर उठलं, पण गोळी कोणती होती?

धाराशिव : पाऊस सुरू झाला की गावोगावी ताप, घसा, जुलाब ठरलेले. एसटीचं भाडं अन् दवाखान्याची फी वाचवायची म्हणून आपण थेट मेडिकल गाठतो. पाकिटातून कापलेल्या दोन-चार गोळ्या पुडीत मिळतात. बिल नाही, नाव नाही. अडचण इथंच सुरू होते.

अँटिबायोटिक सगळ्यांनाच मानवत नाही. अमॉक्सिसिलीननं कुणाच्या अंगावर तासाभरात गांधी उठतात, कुणाला आठवड्यानं बारीक पुरळ येतं. डॉक्सीसायक्लिन चालू असताना उन्हात खुरपायला गेलं तर चेहरा-हात भाजल्यागत लाल होऊ शकतात. आपण म्हणतो, उष्णता बाहेर पडली.

माझंच सांगतो. जुलाबाच्या सुट्ट्या गोळ्या घेतल्या, दुसऱ्या दिवशी ओठावर काळपट डाग. पुढच्या वर्षी पुन्हा तशाच गोळ्या, पुन्हा त्याच जागी डाग, शेजारी आणखी एक. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, गोळी कोणती? मला सांगता येईना. नॉरफ्लॉक्सासिन, टिनिडाझोलसारख्या गोळ्यांनी काहींना असं होतं, अन् तीच गोळी पुन्हा घेतली की डाग त्याच जागी येतो, हे तिथं कळलं.

माझं डागावर निभावलं. सल्फाच्या गोळ्यांनी क्वचित कुणाची कातडीच सोलून निघते. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात त्याला, जिवावर बेततं. गोळी सुरू केल्यावर साधारण ४ ते २८ दिवसांत हे दिसतं, तोवर पुडी कधीच चुलीत गेलेली असते. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी दुखणं यातलं काही दिसलं, किंवा ओठ सुजून दम लागला, तर लेप लावत बसू नका. गोळी बंद करा अन् लगेच मोठं रुग्णालय गाठा.

कायदा आहे की. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देता येत नाही. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मधल्या औषधांसाठी रुग्ण, डॉक्टर अन् औषधाचं नाव वहीत लिहून ३ वर्षं ठेवावं लागतं. सेफिक्सिमही त्यात येतं. पण एकट्या दुकानदाराला झोडपून काय उपयोग? वीस रुपयांत भागवा म्हणणारे आपणच.

तेव्हा गोळी घेताना बिल मागा, पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. जे औषध बाधलं त्याचं नाव लिहून आधार कार्डासोबत ठेवा, इंजेक्शनआधी दाखवा. औषधाचा त्रास झाला तर रुग्णालाही थेट कळवता येतं. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी लागतो. तिथंही पहिला प्रश्न औषधाच्या नावाचाच असतो.