कलम बदलणे ही पळवाट नव्हे

'खुनाचे कलम सौम्य करून घेणे ही वकिलांची पळवाट', हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मुळीच पटले नाही. सदोष मनुष्यवध आणि खून यांतला फरक कायद्यानेच केला आहे. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० व १०१ मध्ये आहे.

त्यांनी नानावटी खटल्याचा दाखला दिला, पण तो त्यांच्याच विरोधात जातो. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीची विवाहबाह्य संबंधांची कबुली ऐकल्यावर नौदल अधिकारी नानावटींनी पत्नी-मुलांना सिनेमाला सोडले, बोटीवर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग ते तिचे प्रियकर आहुजा यांच्या घरी गेले. घर सोडल्यापासून आहुजांच्या हत्येपर्यंत सुमारे तीन तास गेले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, तरी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. डोके शांत व्हायला पुरेसा अवधी मिळाला होता, म्हणून खुनाला सदोष मनुष्यवध ठरवणाऱ्या 'गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ' या अपवादाचा बचाव १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नाकारला. मागितली की सवलत मिळते, असे मुळीच नाही. आपले कृत्य अपवादात बसते हे आरोपीलाच दाखवावे लागते.

आणि ऐपत नसलेल्यांचे काय? त्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्या वकिलाने शवविच्छेदन अहवाल आणि पंचनामा बारकाईने वाचला पाहिजे: घाव किती, कुठे, हत्यार घरून आणलेले की भांडणात हाताला लागलेले. जन्मठेप की दहा वर्षे, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

— एक वाचक, सातारा