बाहीची लांबी आणि एक तास

एक वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. "अरे त्याचं काय, त्याला एक तास जास्त मिळतो!"

नीटचा रिझल्ट लागला, जेईईचा लागला, की ऑफिसच्या चहाच्या टपरीवर नाहीतर नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे कोणाच्या तरी तोंडून पडतंच. बोलणारा माणूस वाईट नसतो बरं का. तो आपल्यासारखाच असतो. दोन वर्षं क्लासमधे घासलेली, एका मार्काने ब्रँच हुकलेली, आणि त्या एका मार्काचं दुखणं अजून विसरलेला नाही. त्यामुळे दुसऱ्याला एक तास जास्त मिळतो म्हटल्यावर त्याच्या पोटात कालवाकालव होते. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा तास म्हणजे काय, तो मिळतो कसा आणि बहुतेक वेळा तो मिळताना काय होतं, हे जरा बघू. मग चिडायचं असेल तर योग्य माणसावर चिडू.

आधी साधा हिशोब. २०२५च्या नीटमधे १८० प्रश्न होते आणि १८० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. त्या मिनिटात प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा, उत्तर काढायचं आणि ओएमआर शीटवरचा गोळा काळा करायचा. तुम्हाआम्हाला शेवटच्या कामाला तीन सेकंद लागतात. डिसग्राफिया असलेल्या मुलाला, म्हणजे ज्याच्या डोक्यातलं हातातून कागदावर उतरताना अडकतं त्याला, किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याचा हात थरथरतो त्याला, तेच काम कितीतरी जड जातं. वाचताना अक्षरं गोंधळणाऱ्या मुलाचा अर्धा वेळ प्रश्न वाचण्यातच जातो.

आता आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. सर्व्हर किती वेगात उत्तर देतो हे मोजायचं असेल, तर मधल्या नेटवर्कची दिरंगाई आपण वेगळी काढतो. कोणी दोन्ही एकत्र मोजून "सर्व्हर स्लो आहे" असा रिपोर्ट दिला, तर त्याला मीटिंगमधे सोलून काढू आपण! परीक्षेतला जास्तीचा तास हेच करतो. मुलाला बायोलॉजी किती येतं हे मोजायचंय, त्याच्या बोटांचा वेग नाही. तो तास काढून घेतलात तर तुम्ही कडक परीक्षा घेतलीत असं होत नाही, तुम्ही चुकीची गोष्ट मोजलीत असं होतं. म्हणून मला "सवलत" हा शब्दच पटत नाही. सवलत दिवाळीच्या सेलमधे असते.

कायदा याबाबतीत कधीच पुढे गेलाय. १९९५च्या कायद्यात ७ प्रकारची अपंगत्वं होती, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती २१ केली आणि त्यात शिकण्यातली विशिष्ट अक्षमता, ज्याला आपल्या शाळांमधून सरळ "एलडी" म्हणतात, तीही आली. २०१८मधे केंद्र सरकारने लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात स्पष्ट आहे, की दर तासाला किमान २० मिनिटं जास्त द्यायची. तीन तासांच्या पेपरला एक तास. महाराष्ट्रात तर दहावी-बारावीला एलडीच्या मुलांना जादा वेळ मिळायला लागून २५ वर्षांच्या वर झाली. म्हणजे नियम नवा नाही, अवघड नाही आणि गुपितही नाही.

मग अडतं कुठे? परीक्षेच्या हॉलमधे.

२०२१ची नीट १२ सप्टेंबरला झाली. डिसग्राफिया असलेली, ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेली एक मुलगी त्या परीक्षेला बसली होती. तिला एक तास जास्त मिळायला हवा होता. केंद्रावर तो दिला गेला नाही, बाकी मुलांबरोबर तिचाही पेपर काढून घेतला. प्रकरण आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ नोव्हेंबर २०२१ला न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती बोपण्णा यांच्या खंडपीठाने सांगितलं, की तिच्यावर अन्याय झाला, तिची स्वतःची काही चूक नसताना झाला, आणि परीक्षा घेणारी नॅशनल टेस्टिंग एजन्सी हात झटकून मोकळी होऊ शकत नाही. केंद्रावरच्या लोकांना नीट शिकवून तयार करा असंही सांगितलं. पण फेरपरीक्षा? ती नाही. अन्याय कसा भरून काढता येईल याचा विचार एजन्सीने आठवड्याभरात करावा, एवढंच.

निकाल वाचताना मला सारखं एक वाटत होतं. ही मुलगी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली म्हणून आपल्याला कळली. वकील परवडत नाही, घरी कोणाला माहिती नाही, आईवडील "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू" म्हणतात, अशी किती मुलं गप्प बसली असतील?

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. २०१५मधे एआयपीएमटीचा पेपर फुटला, मोबाईल आणि ब्लूटूथची उपकरणं कपड्यांतून आत नेली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने अख्खी परीक्षा रद्द केली. तेव्हापासून अर्ध्या बाहीचे कपडे, बूट नाहीत, दागिने नाहीत, हा सगळा प्रकार कडक झाला. तो नियम आज कोणाला माहीत नाही? गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांना माहीत आहे. फुल शर्ट घालून आलेल्या पोराच्या बाह्या गेटवर कापल्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. म्हणजे ही यंत्रणा नियम पाळू शकते. देशभरातल्या हजारो केंद्रांवर, एका दुपारी, बाहीच्या लांबीपर्यंत पाळू शकते. मग तीच यंत्रणा एका तासाचा नियम "आम्हाला माहीत नव्हता" असं कशी म्हणते?

उत्तर सोपं आहे आणि म्हणूनच राग येतो. बाहीचा नियम मोडला तर एजन्सीची अब्रू जाते. तासाचा नियम मोडला तर एका मुलाची सीट जाते. जिथे त्रास आपल्याला होणार तिथे आपण चेकलिस्ट करतो. जिथे तो दुसऱ्याला होणार तिथे पीडीएफ करतो.

आणि वेळ गेली तर काहीच करता येत नाही, हेही खरं नाही. ५ मे २०२४च्या नीटमधे काही केंद्रांवर मुलांचा वेळ वाया गेला. एजन्सीने १,५६३ जणांना त्याबद्दल ग्रेस मार्क दिले. त्यावरून देशभर रान उठलं, १३ जूनला ते मार्क रद्द झाले आणि त्या मुलांना पुन्हा परीक्षा द्यायची मुभा मिळाली. २३ जूनला ती फेरपरीक्षा झालीसुद्धा. दीड महिन्यात! म्हणजे वेळेचं नुकसान मोजता येतं आणि १,५६३ जणांसाठी वेगळा पेपर काढता येतो. हे सगळं शक्य असतं, फक्त ओरडणारे पुरेसे असावे लागतात. एकटी मुलगी ओरडली तर आवाज पोहोचत नाही. बाकी लाखो मुलांचे प्रवेश अडतील ही न्यायालयाची अडचण मला समजते. पण तिची वेळ एजन्सीच्या केंद्रावर गेली, आणि किंमत मात्र तिने एकटीने मोजली.

हे मी नुसतं वाचून बोलत नाहीये. इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला असताना मी रविवारी आणि सुट्टीत रायटर म्हणून जायचो. एका दृष्टिहीन मुलाचा टीवायबीएचा पेपर होता, इतिहासाचा. तो सांगायचा, मी लिहायचो. पोरगं हुशार, तारखा तोंडपाठ. तीन तास झाले, बेल झाली आणि सुपरवायझर मॅडम समोर उभ्या.

"पेपर द्या."

"मॅडम, ह्याला एक तास जादा आहे."

"मला कोणी सांगितलेलं नाही."

मग मी खाली ऑफिसात पळालो. सीनियर सुपरवायझर चहाला गेलेले. ते आले, फाईल शोधली, पत्र सापडलं, पत्रावर सही होती, म्हणजे कॉलेजला सगळं माहीत होतं, फक्त ते फाईलमधून वर्गापर्यंत चाललं नव्हतं. वीस मिनिटं गेली. परत आलो तेव्हा तो पोरगा शांत बसला होता. मला म्हणाला, "दादा, शेवटचा प्रश्न थोडक्यात घेऊ." मी भांडायच्या तयारीत होतो आणि त्याने स्वतःच आपलं उत्तर कापलं होतं. कारण त्याला हे दर परीक्षेला बघावं लागत होतं.

मला त्या मॅडमवर राग नाही. त्यांना खरंच कोणी सांगितलं नव्हतं. माझा राग त्या पद्धतीवर आहे, जी दर पेपरला एका विद्यार्थ्याला स्वतःचा वकील व्हायला लावते.

आता नेहमीचे दोन आक्षेप.

पहिला: "खोटी सर्टिफिकेटं आणतात हो लोक." आणतात. नाकारत नाही. अमेरिकेत २०१९मधे जो प्रवेश घोटाळा उघडकीला आला, त्यात श्रीमंत आईबापांनी मुलांना शिकण्यातली अक्षमता असल्याची प्रमाणपत्रं मिळवून एसएटीला जादा वेळ घेतला होता. पण पुढे काय झालं? घोटाळेबाजांवर खटले झाले, काही जण तुरुंगात गेले, आणि जादा वेळेची सोय तिथे चालूच राहिली. उलट तिथल्या कॉलेज बोर्डाने २००३पासूनच, जादा वेळ घेतलेल्या मुलाच्या गुणपत्रकावर वेगळी खूण करायचं बंद केलं होतं. चोर पकडायचा असेल तर प्रमाणपत्र देणाऱ्याला पकडा, तपासणी कडक करा. रेशनकार्डं बोगस निघतात म्हणून कोणी धान्याचं दुकान बंद करत नाही.

दुसरा, जरा टोकदार: "उद्या हा डॉक्टर झाला तर इमर्जन्सीत पेशंट एक तास थांबणार आहे का?" वाक्य टाळीचं आहे, पण नीट बघा. नीटमधे इमर्जन्सीची परीक्षा नसते, गोळे काळे करायची असते. पुढची साडेपाच वर्षं, वॉर्ड, प्रॅक्टिकल, इंटर्नशिप, हे सगळं त्यासाठीच आहे ना? दारातल्या परीक्षेने आतल्या सगळ्या परीक्षांचा निकाल आधीच लावायचा नसतो. आणि माझं विचाराल, तर नीट लिहिता न येणं ही आपल्या डॉक्टरांमधे तशी नवी गोष्ट नाही :-)

बरं, मग करायचं काय? फार काही नाही. मला तरी चार गोष्टी दिसतात.

एक, हॉलतिकिटावर त्या मुलाची स्वतःची पेपर संपायची वेळ मोठ्या अक्षरात छापा. "नियमानुसार" वगैरे नको. "संध्याकाळी ६ वाजता" असं. मग कोणी कोणाला सांगायची गरजच उरत नाही.

दोन, ज्या परीक्षा कॉम्प्युटरवर होतात तिथे वेळ सिस्टीमनेच द्यावी. जेईई मेन कॉम्प्युटरवर आहे, आपली एमएचटी-सीईटीही. लॉगिन केलं की घड्याळ १८०ऐवजी २४० मिनिटांवर सुरू झालं पाहिजे. हे आपल्यातला कुठलाही फ्रेशर करून देईल.

तीन, केंद्रावर वेळ गेली तर तिची नोंद त्याच दिवशी, मुलाच्या सहीनिशी व्हावी आणि ठरलेल्या मुदतीत भरपाई व्हावी. जशी २०२४मधे झाली, तशी एकासाठीही.

चार, रायटर शोधायची जबाबदारी मुलावर नको. ऑगस्ट २०२५मधे केंद्राने काढलेल्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांचा रोख, परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी स्वतः लेखनिक तयार ठेवावेत, असा आहे. चांगलं आहे. पण २०१८ची तत्त्वंही चांगलीच होती आणि तरी २०२१ घडलं. त्यामुळे टाळ्या पहिल्या परीक्षेनंतर वाजवू.

आणि ४० टक्क्यांची अटही आता ढाल म्हणून वापरता येणार नाही. फेब्रुवारी २०२१मधे रायटर्स क्रॅम्प असलेल्या एका यूपीएससी उमेदवाराच्या बाजूने निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लेखनिकाची सोय ४० टक्क्यांना बांधलेली नाही. फेब्रुवारी २०२५मधे पुन्हा तेच, आणखी स्पष्टपणे सांगितलं. हे तुमच्या ओळखीच्या आईवडिलांना सांगा. अनेकांना "३५ टक्के म्हणजे काही मिळत नाही" असंच वाटतं आणि ते अर्जच करत नाहीत.

शेवटी आपल्याबद्दल. आपल्यातले कितीतरी जण पुण्यात, बंगलोरात परीक्षांचंच सॉफ्टवेअर लिहितात. सोमवारी ऑफिसला गेलात की बघा, तुमच्या प्रॉडक्टमधे प्रत्येक उमेदवाराला वेगळी वेळ देता येते का, की टायमर सगळ्यांना एकच ठोकून दिलाय. बाकीच्यांनी जवळच्या अंधशाळेत किंवा कॉलेजात फोन करून विचारा, रायटर हवे आहेत का. बहुतेक वेळा हवे असतात. जाताना विद्यार्थ्याच्या जादा वेळेच्या पत्राची झेरॉक्स खिशात ठेवा, आणि पेपर सुरू व्हायच्या आधीच ती सुपरवायझरच्या टेबलावर ठेवा.