दोनच गोळ्या द्या

पाऊस लागला की मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "गुडघ्याची गोळी द्या, दोनच." दुकानदार कात्रीने पट्टी कापतो. मुदतीची तारीख बहुधा दुकानातच राहते. चिठ्ठी कुणी मागत नाही. ही गोळी बहुधा डायक्लोफेनॅकची असते आणि ते ‘शेड्यूल एच’मधलं, चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध आहे, हे दोघांच्याही गावी नसतं.

दुखणं थांबतं, हे खरंच. सूज आणणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही गोळी रोखते. पण तीच द्रव्यं जठराचं अस्तर सांभाळतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. मग महिनोन्‌महिने मनानेच गोळी घेणाऱ्याला अल्सर गाठतो, रक्तदाब चढतो. याच कुळातलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यापायी २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं.

पण दोनच गोळ्या मागणारा माणूस बेफिकीर नसतो, बऱ्याचदा त्याला पुरी पट्टी परवडत नसते. डॉक्टरांची फी तर त्याहून दूर. त्याला उपदेश करायला काय जातं? स्वस्त जेनेरिक औषधांची जनऔषधी योजना २००८ पासून आहे, पण तिचा फायदा व्हायचा तर चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं जेनेरिक नाव हवं. चिठ्ठीवर जेनेरिक नावच लिहिण्याची सक्ती राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणली आणि त्याच महिन्यात स्थगित केली. आमच्या मते ही माघार चुकीची होती.

ती सक्ती परत येईपर्यंत, वाचकहो, डॉक्टरांकडून जेनेरिक नाव आवर्जून लिहून घ्या. आणि रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती आधी सांगा.