खऱ्या गोष्टींचें वाचन

शाळेंत शिकणाऱ्या मुलाच्या हातीं पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरें पुस्तक दिसलें, कीं पुष्कळ घरांत पहिला प्रश्न निघतो तो हा: "हें परीक्षेला आहे काय?" ह्या एका प्रश्नानें पुस्तकांच्या दोनच जाती शिल्लक राहतात, एक अभ्यासाची व दुसरी करमणुकीची. परंतु तिसरीही एक जात आहे, आणि तिच्याविषयीं विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस चार शब्द सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. ह्या तिसऱ्या जातीच्या पुस्तकांतील माणसें खरीं, गांवें खरीं, घडलेलें सर्व खरें. मात्र तें सांगितलेलें असतें गोष्टीसारखें. ज्याच्या मनांत जिज्ञासा आहे, परंतु जो कोणत्याही शास्त्राचा पंडित नाहीं, अशा वाचकास ह्या पुस्तकांसारखा सोबती नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे. मोबाईलवर आलेला मजकूर खरा कीं खोटा हें न पाहतांच पुढें धाडला जातो अशा आजच्या काळांत तर त्यांची गरज अधिकच आहे.

ही जात मराठीस नवी नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धामधुमींत सांपडले. झांशीचा वेढा त्यांनीं शहरांत राहून डोळ्यांनीं पाहिला. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं चिंतामण विनायक वैद्य यांनीं प्रसिद्ध केला. पुढें १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' भागाभागानें बाहेर आलीं. आपल्या ख्रिस्ती समाजास ह्या ग्रंथाचा अभिमान वाटतो तो योग्यच आहे. तथापि त्याचें मोल लेखिका ख्रिस्ती होती ह्यांत नाहीं. तिनें पतीचें थोरपण सांगितलें, तसाच त्यांचा तापट स्वभावही सांगितला, आणि स्वतःचें सोंवळेंओंवळें तर हसत हसत उघडें केलें. त्याचें मोल ह्या खरेपणांत आहे.

आतां अलीकडच्या पुस्तकांकडे वळूं. ह्या बाबतींत प्रथम नांव घ्यावें तें अनिल अवचट यांचें. ते शिक्षणानें डॉक्टर होते; परंतु दवाखाना मांडण्याऐवजीं ते लोकांत जाऊन बसले, त्यांना प्रश्न विचारीत गेले आणि जें ऐकलें-पाहिलें तें लहान लहान वाक्यांत लिहीत गेले. त्यांचें 'माणसं' हें पुस्तक १९८० सालचें. आपण ज्यांच्या शेजारून रोज जातों, पण ज्यांच्याकडे पाहत नाहीं, अशांचा संसार त्यांनीं आपल्यापुढें मांडला. पुढें तरुणांना लागलेल्या 'गर्द' नांवाच्या घातक व्यसनावर त्यांनीं लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई ह्यांनीं साहाय्य देऊं केलें, आणि १९८६ सालीं अवचट व त्यांच्या पत्नी डॉ. अनिता ह्यांनीं पुण्यास 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्तीचें केंद्र काढलें. अवचट २०२२ सालीं निवर्तले. त्यांचीं पुस्तकें आपल्यापाशीं आहेत. नुसत्या वाचनानें काय होतें, असें विचारणारास हें एक उदाहरण पुरे आहे.

दुसरें पुस्तक मिलिंद बोकील यांचें 'गोष्ट मेंढा गावाची' (२०१२). गडचिरोली जिल्ह्यांतील हें लहानसें गोंड गांव. तेथील ग्रामसभेंत निर्णय बहुमतानें होत नाहींत, सर्वांच्या संमतीनें होतात. आणि निर्णयापूर्वीं विषय समजून घेण्यासाठीं लोक अभ्यासगट करून बसतात. ह्या गांवास २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं आपल्या जंगलांतील बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही हातीं आला. नागरिकशास्त्राच्या धड्यांत 'ग्रामसभा' हा शब्द मुलें पाठ करितात. ह्या पुस्तकांत तो शब्द चालूं-बोलूं लागतो.

तिसरे लेखक पी. साईनाथ. देशांतील अत्यंत दरिद्री जिल्ह्यांत हिंडून त्यांनीं लिहिलेलें पुस्तक १९९६ सालीं इंग्रजींत निघालें. मराठींत तें 'दुष्काळ आवडे सर्वांना' ह्या नांवानें आलें आहे. मात्र वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं त्यांचें २०२२ सालचें 'द लास्ट हीरोज' हें इंग्रजी पुस्तक अवश्य पाहावें. त्यांत स्वातंत्र्याच्या लढ्यांतील साध्या सैनिकांच्या हकीकती आहेत. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई त्यांत आहेत. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ सरकारी पगार नेणारी आगगाडी अडविणाऱ्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, हेही त्यांत आहेत. हौसाबाई २०२१ सालीं गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ च्या फेब्रुवारींत गेले; पुस्तक त्याच वर्षाच्या अखेरीस निघालें. लेखकानें "पुढें पाहूं" म्हटलें असतें तर त्यांचे शब्द त्यांच्याबरोबरच गेले असते.

धाकट्या वर्गांसाठीं वीणा गवाणकर यांचें 'एक होता कार्व्हर' (१९८१) हें पुस्तक मी सुचवितों. जॉर्ज कार्व्हर यांचा जन्म अमेरिकेंत गुलामगिरींत झाला. १८९६ सालीं ते टस्कीगी येथील शाळेंत शिकवूं लागले. कापसाच्या सततच्या पिकानें जमीन निःसत्त्व झाली होती. भुईमूग, चवळी, रताळीं लावा, असें त्यांनीं गरीब शेतकऱ्यांस शिकविलें. शेतकरी शाळेंत येईनात, म्हणून १९०६ पासून शाळाच गाडींत भरून गांवोगांव जाऊं लागली. त्याच लेखिकेचें 'डॉ. आयडा स्कडर' हें वेल्लोरच्या रुग्णालयाच्या संस्थापिकेचें चरित्रही आपल्या मुलींनीं वाचण्यासारखें आहे.

येथें एक इशारा देणें मला अवश्य वाटतें. कार्व्हर यांनीं 'पीनट बटर' शोधून काढलें, अशी समजूत जगभर पसरली आहे. ती खरी नाहीं. दाण्यांच्या तशा लगद्याचें पेटंट कॅनडांतील मार्सेलस एडसन ह्यांस १८८४ सालींच मिळालें होतें. तेव्हां कार्व्हर विशीच्या आसपासचे होते. ही समजूत सोडल्यानें कार्व्हर यांचा मोठेपणा तिळभरही कमी होत नाहीं. थोर माणसास खोट्या दागिन्यांची जरुरी नसते. तरी भक्तमंडळी ते घालीतच असते. आपल्या मिशनऱ्यांचीं व पुढाऱ्यांचीं कित्येक चरित्रेंही ह्या दोषापासून मुक्त नाहींत. त्यांत चरित्रनायक कधीं रागावत नाहीं, कधीं चुकत नाहीं. आणि म्हणूनच वाचकाच्या मनांत तो कधीं उतरतही नाहीं.

यास्तव असें पुस्तक हातीं घेतांना विद्यार्थ्यांनीं तीन प्रश्न विचारावे. लेखकास हें कसें कळलें? तो स्वतः तेथें गेला होता काय? आणि आपल्या नायकाला न शोभणारी गोष्टही तो सांगतो काय? हे प्रश्न अश्रद्धेचे आहेत असें कोणी समजूं नये. लूककृत शुभवर्तमानाच्या अगदीं आरंभीं लेखक थियफिलास हेंच सांगतो, कीं ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें त्यांच्याकडून आलेल्या गोष्टींचा मूळापासून नीट शोध करून मी हें अनुक्रमानें लिहीत आहें. श्रद्धेच्या ग्रंथासच जर असा शोध आवश्यक वाटला, तर शाळकरी मुलानें शोध केल्याचें भय कोणी कां बाळगावें?

पालकांकडून दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, ह्यानें गुण वाढत नाहींत. वाढतीलच अशी हमी मी देत नाहीं. परंतु मन लावून दोनशें पानें वाचणारा विद्यार्थी पाठांतराचा गुलाम राहत नाहीं, हें शिक्षकाच्या ध्यानीं येतेंच. दुसरा आक्षेप असा कीं, ह्या पुस्तकांत दुःख फार; कोवळ्या मनावर तें कशाला घालावें? दुःखाची ओळख वयाप्रमाणें करून द्यावी, हें मला मान्य आहे. म्हणूनच धाकट्यांस कार्व्हर, मधल्यांस मेंढा आणि थोरांस अवचट व साईनाथ, असा क्रम मी सुचवितों. पण शेजाऱ्यावर प्रीति करा, असें मुलास शिकवावयाचें आणि शेजारी कसा जगतो तें मात्र त्याला कळूं द्यावयाचें नाहीं, हें कसें जुळावें?

आईबापांस माझी विनंती इतकीच: सहामाहींत असें एक पुस्तक घरीं येऊं द्या, आणि मुलाच्या आधीं तें तुम्ही वाचा. विद्यार्थ्यांस सांगणें असें: पुस्तक संपल्यावर आपल्या आजी-आजोबांपाशीं बसा, त्यांना एकच प्रश्न विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत एका पानावर उतरून घ्या. हें काम पुढल्या वर्षावर टाकण्याजोगें नाहीं.