जीएसटी कमी झाला, पण यवतच्या घरात मोठा टीव्ही हवाच का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंत तो आधीपासूनच १८ टक्के होता. म्हणजे स्वस्त टीव्ही होता तिथेच राहिला, मधल्या किमतीचा थोडा आवाक्यात आला. करापूर्वी २५,००० रुपयांचा ४३ इंची टीव्ही आता ३२,००० ऐवजी २९,५०० रुपयांना पडतो.

मग यवतच्या घराने २,५०० रुपये वाचतात म्हणून मोठा घ्यायचा? आधी घरात चित्र कुठून येतं ते पाहा. डीडी फ्री डिशवर सह्याद्री आणि बातम्याच बघत असाल, तर फोरके पडद्याचे जादा पैसे वाया जातील. तिथे फोरके वाहिनीच नाही, आणि साधं चित्र मोठ्या पडद्यावर पुसट दिसतं. घरी फायबरचं इंटरनेट आहे, क्रिकेट-सिनेमे ओटीटीवर बघता? मग मोठा टीव्ही पैसे वसूल करेल.

स्मार्ट टीव्ही कोणताही घ्या, रॅम शक्यतो २ जीबी आणि बीईईचे स्टार बघा. बिघडल्यावर मेकॅनिक यवतला येणार, की टीव्ही पुण्याला न्यावा लागणार? हे पहिला हप्ता भरण्याआधीच विचारा.