ग्रंथ वाचायचा की ग्रंथाचं पारायण करायचं?

"तेच पुस्तक किती वर्षं वाचणार? एव्हाना पाठ झालं असेल." वर्षावास सुरू झाला की आमचे काही पुरोगामी मित्र हा प्रश्न हमखास विचारतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी विहारांत रात्री जेवणं उरकली की 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडला जातो. दिवसभर सोयाबीन खुरपून आलेल्या बाया, गवंड्याच्या हाताखालून सुटलेली पोरं, निवृत्त शिक्षक, सगळे सतरंजीवर बसतात. ग्रंथ दरवर्षी तोच. मित्रांना वाटतं, ही पोथीच आहे, फक्त निळ्या कपड्यात बांधलेली.

या मित्रांना आमच्याकडं उत्तर आहे. पण आधी भांडण आमच्याच माणसांशी आहे. कारण मित्रांचा आरोप अर्धा खरा आहे आणि तो खरा आम्हीच केला आहे.

आमच्या जिल्ह्यात सप्ताहांना तोटा नाही. पारायणात काय असतं? रोज इतक्या ओव्या, ठरल्या दिवशी समाप्ती, मग महाप्रसाद. मध्येच उठून कोणी ओवीला हरकत घेत नाही, घ्यायची नसतेच. आता आमचं बघा. टेबलावर पांढरं वस्त्र, फुलं, मेणबत्ती. त्रिसरण, पंचशील, मग रोज ठरलेली दहा पानं. वाचणारा घाईत, ऐकणारे हात जोडून. शेवटी खीरदान आणि आयोजकांचा सत्कार. फरक सांगा कुठं आहे तो!

आणि आम्ही वाचायला सुरुवात कुठून करतो? सिद्धार्थाच्या कुळापासून, जन्मापासून. त्याआधीचा परिचय 'तो काय, नंतर बघू' म्हणून उलटला जातो. त्याच पानांवर बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडलेत. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ज्याला म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस दिसला नाही असा राजपुत्र असू शकतो का? चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली आहेत का? आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? भिक्खू कशासाठी, स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की समाजाची सेवा करण्यासाठी? वाचकांनीही पुढं येऊन उत्तरं शोधण्यात भर घालावी, अशी अपेक्षा त्यांनी तिथंच लिहून ठेवली आहे. १९५७ साली, म्हणजे त्यांच्या परिनिर्वाणानंतर, हा ग्रंथ छापून आला. प्रश्नांनी सुरू होणारा असा ग्रंथ आम्ही हात जोडून ऐकण्याचा केला. हे काम कुठल्या मनुवाद्यानं केलं नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेरच्या बाजूच्या एका विहारात आम्ही वाचत होतो. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं प्रकरण चालू होतं. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीनं विचारलं, "का वो सर, संघाला इचारलं, सेनापतीला इचारलं, मंग यशोधरेला इचारलं का न्हाई?" दोघीतिघी हसल्या. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलेले, प्रबोधनाची शिबिरं घेणारे कार्यकर्ते. आम्ही काय म्हणालो? "आजी, आधी प्रकरण पूर्ण होऊ द्या, प्रश्न शेवटी." शेवटी चहा आला आणि माणसं उठली. आजी दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. पण त्या वर्षावासात तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही.

त्या रात्री घरी येऊन आम्ही प्रकरण पुन्हा उघडलं. उत्तर दोन पानं पुढंच होतं. निरोप घ्यायला सिद्धार्थ घरी जातो. शुद्धोदन आणि महाप्रजापती रडतात. यशोधरेपुढं काय बोलावं हे त्याला सुचत नाही. आणि तीच बोलते. तुमच्या जागी मी असते तरी कोलियांविरुद्धच्या युद्धात सामील झाले नसते, तुमचा निर्णय बरोबर आहे, राहुलला सांभाळायचं नसतं तर मीही परिव्रज्या घेतली असती, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. इतकं स्वच्छ लिहिलेलं. ते पान आम्ही कितीतरी वर्षावासांत मोठ्यानं वाचलं होतं. वाचलं होतं, ऐकलं नव्हतं.

पुढं कळलं की आजीचे मालक नामांतराच्या आंदोलनात तुरुंगात गेले होते. घरात तीन लेकरं आणि म्हातारी सासू. 'कसं करतीस?' असं जाताना तिला कोणी विचारलं नव्हतं. १४ जानेवारीला आम्ही हारतुरे घेऊन ज्यांचा गौरव करतो त्यांच्यात तिचे मालक असतात, ती नसते. आता सांगा, तिचा प्रश्न एकट्या यशोधरेबद्दल होता का?

म्हणून आम्ही म्हणतो, ग्रंथ पुन्हा वाचला पाहिजेच, पण पारायणासारखा नाही. त्या एकाच प्रकरणाचं उदाहरण घ्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्ही अकरावी-बारावीत होतो. शाळेत शिकवलेली चार दृश्यांची गोष्ट बाबासाहेब नाकारतात आणि त्या जागी शाक्य-कोलियांमधला रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद ठेवतात, एवढंच तेव्हा डोक्यात राहिलं. वादविवाद स्पर्धेत ते फार उपयोगी पडलं, हेही कबूल करतो.

मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्याकडं गावोगाव टँकरच्या पाइपाखाली घागरींची भांडणं चालू होती. त्या वर्षी वाचताना रोहिणीच्या वादाचं मूळ पहिल्यांदा दिसलं. पाणी आधी कोणी घ्यायचं आणि किती घ्यायचं! तंतोतंत टँकरवरचा प्रश्न. आधी गावठाण, मग उरलं तर वस्ती. ग्रंथातला सिद्धार्थ सुचवतो की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसं निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. मतदानात त्याची सूचना पडते, युद्धाचा ठराव बहुमतानं जिंकतो. बहुमत जिंकलं म्हणून ते बरोबर ठरत नाही, हे आम्ही राज्यशास्त्राच्या पुस्तकात नाही, दुष्काळात विहारात बसून शिकलो. १९२७ साली चवदार तळ्यावर ओंजळ भरणाऱ्या माणसानं बुद्धाच्या गृहत्यागाच्या मुळाशी पाणी ठेवलं, याचाही अर्थ तेव्हाच लागला.

पुढं एका गावात मिरवणुकीच्या वादावरून वस्तीवर बहिष्कार पडला. किराणा बंद, पिठाची गिरणी बंद, शेतातलं काम बंद. तिथं चकरा मारत असताना ग्रंथ पुन्हा चाळला आणि इतकी वर्षं नजरेतून निसटलेली ओळ समोर आली. युद्धाला नकार देणाऱ्या सिद्धार्थाला सेनापती बजावतो की संघ तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकेल, जमीन जप्त करेल. फाशी किंवा हद्दपारीचा विषय कोसलच्या राजापर्यंत गेला असता. बहिष्काराला त्याची परवानगी लागत नव्हती! बहिष्काराचं सगळं तंत्र त्या एका मुद्द्यात आहे. सरकारला न विचारता, पोलिसात नोंद न होता माणसाला उपाशी पाडता येतं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला तो २०१६ मध्ये. 'बहिष्कृत भारत' काढणाऱ्या संपादकानं हा मुद्दा सहज जाता जाता लिहिला असेल, असं आम्हाला वाटत नाही.

आणि यशोधरा आम्हाला दिसली ती आजीमुळं. आमची आम्हाला दिसली नसती.

तर पुरोगामी मित्रांनो, तेच पुस्तक किती वेळा वाचणार याचं उत्तर असं आहे. पुस्तक तेच असतं, पण मधल्या काळात आमच्यावर काहीतरी गुदरलेलं असतं.

बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आम्ही असंच दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात गाव दिसलं, गावानं केलेला छळ दिसला, संताप आला. लग्नानंतर, घरात बहीण-बायको-आई यांच्याकडं जरा नीट बघायला लागल्यावर दुसऱ्यांदा वाचलं. तेव्हा दिसलं की बेबीताई आपल्याच घरातल्या पुरुषांबद्दल आणि शिकून समाजाला विसरलेल्यांबद्दल किती कडक लिहितात. फलटणच्या दुकानात सामान बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचणारी ही बाई स्वतःचं लिखाण मात्र वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवत होती. पहिल्या वेळी ही पानं आम्ही भरभर का उलटली असतील? आवडतं पुस्तक म्हणजे बहुतेक वेळा आपल्या सोयीची पानं. बाकीची पानं दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाची वाट बघत असतात.

आता तरुण कार्यकर्त्यांशी जरा बोलायचं आहे. "जातिप्रथेचं निर्मूलन? वाचलंय ना." कधी? "कॉलेजला असताना." परत? "परत कशाला?" दोस्तांनो, जातीवर बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं रद्द केलेलं भाषण स्वतः छापलं. १९४४ च्या आवृत्तीच्या वेळी ते सांगतात की जुना निबंध यात गुंफून पुस्तक नव्यानं लिहायचं होतं, पण वेळ मिळाला नाही. लिहिणाऱ्यालाच ते पुन्हा लिहावंसं वाटत होतं आणि तुमचं एका वाचनात आटोपलं? ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरून आपण पिशव्या भरून पुस्तकं आणतो. पुढच्या ६ डिसेंबरपर्यंत त्यातली किती उघडली, किती दुसऱ्यांदा उघडली, हे ज्यानं त्यानं आपल्या कपाटाला विचारावं. स्टेटसला ठेवलेल्या वाक्याखाली बाबासाहेबांचं नाव असतं. खंड कोणता, पान कोणतं विचारलं की ग्रुपवर शांतता पसरते. बाबासाहेब फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषदेसाठी आमच्या कसबे तडवळ्याला आले होते, हे आम्ही अभिमानानं सांगतो. वतनाबद्दल त्यांचं म्हणणं काय होतं, यावर मात्र पाच मिनिटं बोलणारा कार्यकर्ता शोधावा लागतो. आम्हीही त्यातच मोडतो.

सक्तीचं वाचन आणि पुनर्वाचन यातला फरक बाबासाहेबांनी लहानपणीच अनुभवला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या पहिल्या आवृत्तीत न आलेल्या प्रस्तावनेत ते सांगतात, वडील रामजी त्यांच्याकडून आणि मोठ्या भावाकडून घरातल्यांसमोर रामायण-महाभारत वाचून घेत. वर्षानुवर्षं हे चाललं. पण या पोरानं ऐकून घेतलं नाही, वडिलांनाच विचारलं की हे ग्रंथ आम्ही का वाचायचे. वडिलांनी द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांची उदाहरणं दिली. त्यानं त्याचं समाधान झालं नाही आणि दादा केळुसकरांनी भेट दिलेल्या बुद्धचरित्राकडं तो वळला. तेच ग्रंथ वारंवार वाचले म्हणूनच त्यातल्या कोड्यांवर पुढं एक अख्खं पुस्तक लिहिता आलं. भक्त म्हणून वाचले असते तर जमलं असतं का? आणि आज आम्ही त्याच माणसाचा ग्रंथ वाचताना लेकराला सांगतो, मध्ये बोलू नको.

यंदा आमच्या विहारात काही गोष्टी बदलल्या आहेत. त्यावरून वादही झाला, दोन ज्येष्ठ उपासक रागावून दोन दिवस आले नाहीत. सुरुवात परिचयापासून केली. दहा पानांची अट काढली. एखाद्या रात्री दीडच पान होतं. आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथ पूर्ण होणार नाही हे उघड आहे, आणि "अर्धवट ग्रंथावर खीरदान कसं करायचं?" असा प्रश्न समितीच्या बैठकीत गंभीरपणे विचारला गेला. करू की, खीर काय ग्रंथ मोजून शिजते?

आजीची माफी मागायला आम्ही तिच्या घरी गेलो. तिला अक्षर येत नाही. पण इतकी वर्षं ऐकून ग्रंथातला कोणता प्रसंग कशानंतर येतो हे ती आमच्याआधी सांगते. परवा दुसऱ्या खंडात बुद्ध कपिलवस्तूला परत येतात तो भाग दहावीत शिकणाऱ्या तिच्या नातीनं वाचला. यशोधरा सात वर्षांच्या राहुलला बापाकडं वारसा मागायला पाठवते आणि राहुल संघात जातो. नातीनं पान उलटायला बोट लावलं आणि आजी म्हणाली, "थांब गं. लेकरू बी गेलं. मंग तिच्यापशी काय ऱ्हायलं?"

पुढं महाप्रजापती आणि यशोधरेच्या दीक्षेचं प्रकरण आहे, हे आम्हाला माहीत होतं. या वेळी आम्ही ते सांगून टाकलं नाही. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं. बाया बोलायला लागल्या. साडेदहा वाजले, लाईट गेली, कोणीतरी मोबाईलची बॅटरी लावून ग्रंथावर धरली. त्या रात्री पान उलटलंच नाही.

जय भीम!