बुडालेली बोट आणि उरलेले गाणे

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. गोदाकाठच्या माणसाला बोटीच्या अपघाताचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु जो प्रवासी सर्वांत कमी भाडे भरतो, त्याच्या सुरक्षिततेचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न समुद्राइतकाच रस्त्याचाही आहे.

८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट वादळात सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती, तसेच मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थीही होते. चौकशीत जीवरक्षक होड्या व साधने अपुरी असल्याचे निष्पन्न झाले. पुढे या दुर्घटनेचे लोकगीत झाले आणि झवेरचंद मेघाणी यांनी ते संग्रहित केले. पण लोकांच्या ओठांवर जे नाव राहिले, ते हाजी कासमचे. बोटीची मालक शेफर्ड कंपनी लोकस्मृतीतून सहीसलामत निसटली.

महाराष्ट्राची वेदना ‘रामदास’ बोटीची. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर येऊन ठेपले असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट वादळी लाटांत कलंडली आणि सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. सकाळच्या अपघाताची वार्ता मुंबईला कळायला दुपार उलटली. प्रथम हात दिला तो रेवसच्या कोळ्यांनी, आपल्या मचव्यांतून. तो दिवस आषाढी अमावास्येचा, म्हणून अनेकांनी दोष तिथीला दिला. ज्या तिथीला हिशेब विचारता येत नाही, तिच्यावर दोष ढकलणे सर्वांनाच सोयीचे असते.

८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ ‘दारा’ या प्रवासी जहाजावर स्फोट होऊन आग लागली आणि २३८ जण मृत्युमुखी पडले. मुंबई ते बसरा या मार्गावरील हे जहाज आखातात पोट भरायला जाणाऱ्या मजुरांना वाहून नेत असे. या तीन घटनांची कारणे भिन्न आहेत; ‘दारा’च्या बाबतीत तर घातपाताचाच निष्कर्ष निघाला. तथापि संकट कोठूनही येवो, त्यातून वाचण्याची साधने किती असावीत हे माणूसच ठरवतो. मालकाच्या जमाखर्चात जीवरक्षक होडी ही खर्चाची बाब असते. बुडालेल्या मजुराचे मोल मात्र त्या वहीत कोठेच मांडलेले नसते. म्हणूनच कायद्याची सक्ती आवश्यक ठरते.

हा धडा अद्याप गिरवला गेलेला नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ नौदलाची वेगवान बोट घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’वर आदळली आणि पंधरा जण मरण पावले. चूक धडक देणाऱ्या बोटीची. परंतु ८४ प्रवाशांची परवानगी असलेल्या बोटीत शंभराहून अधिक माणसे होती. जीवरक्षक जॅकेटांच्या सक्तीची आठवण शासनाला त्यानंतर झाली.

आता परभणीकडे वळावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. ट्रक-ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड, गुरे आणि लेकरे एकत्र लादलेली असतात. वाहन उलटले की वर्तमानपत्रात चालकाचे नाव येते. कारखान्याचे व मुकादमाच्या कराराचे नाव येत नाही. हाजी कासमची कथा जमिनीवर पुन्हा घडते.

जनाबाईच्या गंगाखेडात ओवीची परंपरा आहे आणि शाहिरांचा डफ अजून शांत झालेला नाही. लोकगीत दुःख जपते, आणि ते त्याचे मोठे कार्य आहे; पण दुःखाला पत्ता देणे हे संघटनेचे काम आहे. कार्यकर्त्यांनी दरवर्षी वाहनांची, अपघातांची आणि न मिळालेल्या भरपाईची गावनिहाय नोंद ठेवावी व ती शाहिरांच्या हाती द्यावी. मग पुढच्या पोवाड्यात मृतांच्या नावांबरोबर मालकांचीही नावे येतील, आणि ती ऐकल्यावर श्रोता नुसते डोळे पुसून घरी जाणार नाही.